स्टॅनले हॉटेल, खोली २१७ आणि वाचलेली बाई

गारवा

मंडळी, आठवडाभर एक गोष्ट मनात घोळते आहे, ती लिहून टाकते. जरा लांबेल.

आम्ही कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. तिथून एस्टेस पार्क गाडीने तासाभरावर. दरी संपून गावात शिरलं की समोर तळं येतं आणि त्याच्या पलीकडे उतारावर पांढऱ्याशुभ्र भिंतींची, लाल छपराची लांबलचक इमारत दिसते. तेच स्टॅनले हॉटेल, फ्रीलन स्टॅनलेने बांधलेलं, १९०९ सालचं. अमेरिकेतल्या झपाटलेल्या जागांच्या बहुतेक याद्यांमध्ये ते असतं. भयकथा लिहिणाऱ्या स्टीफन किंगला 'द शायनिंग' या कादंबरीची कल्पना तिथल्या २१७ नंबरच्या खोलीत सुचली, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

आई सध्या आमच्याकडे आली आहे. ती तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यातली बारा-तेरा वर्षं क्षयाच्या वॉर्डात. भुताखेतांचं तिला वेड नाही, वावडंही नाही. "एवढं जुनं हॉटेल आहे तर बघू या की," म्हणाली, म्हणून एक रात्र राहिलो. संध्याकाळी तिथली टूरही घेतली.

टूरवाली मुलगी मन लावून सांगत होती. संगीताच्या दालनात स्टॅनलेची बायको फ्लोरा हिचा पियानो रात्री आपोआप वाजतो, चौथ्या मजल्यावर मुलांची पावलं ऐकू येतात. मग २१७ ची गोष्ट आली. २५ जून १९११ ची संध्याकाळ. वादळ झालं होतं, हॉटेलची वीज गेली होती. अशा वेळेसाठी ॲसिटिलीन गॅसचे दिवे बसवलेले होते. खोल्या आवरणारी एक बाई ते दिवे लावायला पेटती मेणबत्ती घेऊन आत आली. गॅस आधीच गळून साठलेला होता. स्फोट झाला, जमीन फुटली आणि ती खालच्या जेवणाच्या दालनात कोसळली. हॉटेल तिचं नाव एलिझाबेथ विल्सन सांगतं. आता म्हणे ती या खोलीत येऊन पाहुण्यांच्या बॅगा रिकाम्या करते, कपड्यांच्या घड्या घालते आणि लग्न न झालेलं जोडपं असेल तर दोघांच्या मध्ये येऊन निजते.

सगळे बंद दाराचे फोटो काढत होते. आईने माझा हात धरून हळूच विचारलं, "त्यात गेली का गं ती?"

मी टूरवाल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, नाही, दोन्ही घोटे मोडले पण वाचली. औषधपाण्याचा खर्च स्टॅनलेने केला आणि बरी झाल्यावर ती याच हॉटेलात परत कामावर आली.

त्यानंतर आई जेवणात फारशी बोलली नाही. रात्री दिवा मालवल्यावर अंधारात म्हणाली, "घोटे मोडलेली बाई परत त्याच मजल्यावर कामाला आली. रोज त्याच दारावरून बादली घेऊन गेली असेल. ते कुणी विचारत नाही. घड्या घालते म्हणे."

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. तुमच्यापैकी कुणी तिथे गेलं आहे का? भुतांखेरीज या हॉटेलचं जे काही माहीत असेल ते लिहा. भुतांचं लिहिलंत तरी मी वाचणार आहेच.

आगीनगाडी

गारवाताई, या स्टॅनलेवर मला केव्हापासून लिहायचं होतं. तुम्ही धागा काढलात, बरं झालं.

फ्रीलन ऑस्कर स्टॅनले आणि फ्रान्सिस एडगर स्टॅनले हे जुळे भाऊ. मेन राज्यातल्या किंगफील्ड गावी १८४९ साली जन्मले. आधी त्यांनी छायाचित्रणाच्या कोरड्या काचा बनवल्या, ज्यांवर तेव्हा फोटो घेत. तो धंदा पुढे ईस्टमन कोडॅकने घेतला. मग वाफेच्या मोटारी. पेट्रोलच्या गाड्यांची सद्दी सुरू होण्याआधीच्या त्या काळात स्टॅनलेंची गाडी म्हणजे चमत्कार होता. गिअर नाहीत, क्लच नाही, इंजिनाची धडधड नाही. बॉयलरमध्ये वाफ तयार झाली की गाडी आवाज न करता निघायची. १८९९ मध्ये फ्रीलन आणि फ्लोरा हे नवरा-बायको वाफेची गाडी घेऊन माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर गेले. त्या डोंगरावर चढलेली ती पहिली मोटार. १९०६ मध्ये फ्लोरिडाच्या वाळूत त्यांच्या शर्यतीच्या गाडीने ताशी २०५ किलोमीटरचा वेग गाठला. १९०६ मध्ये, लक्षात घ्या!

आणि याच माणसाला १९०३ साली क्षयाने गाठलं. वय ५३. क्षयावर औषध असं काही नव्हतंच, स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून चाळीस वर्षं होती. डॉक्टर सांगायचे ते एवढंच: कोरडी हवा, ऊन, उंची, खाणं आणि विश्रांती. तो डेन्व्हरला आला, तिथून एस्टेस पार्कला, आणि तेही आपल्याच वाफेच्या गाडीतून त्या खडबडीत रस्त्याने. उन्हाळा संपेपर्यंत त्याला उतार पडला. मग तो दर उन्हाळ्यात येत राहिला आणि १९४० मध्ये, ९१ व्या वर्षी गेला. क्षय घेऊन आलेला माणूस आणखी ३७ वर्षं जगला.

हॉटेल त्या कृतज्ञतेतून उभं राहिलं असं मी मानतो. जमीन लॉर्ड डनरेव्हनची. हा आयरिश सरदार. १८७० च्या दशकात त्याने शिकारीसाठी ही अख्खी दरी लबाडीने घशात घातली होती. स्टॅनलेने ती त्याच्याकडून घेतली. हॉटेलला डनरेव्हनचं नाव द्यायचं स्टॅनलेच्या मनात होतं, तर गावकऱ्यांनी हरणाच्या कातड्यावर अर्ज लिहून सह्या केल्या की नाव स्टॅनलेचंच हवं.

विजेसाठी त्याने फॉल रिव्हरवर स्वतःचं जलविद्युत केंद्र बांधलं. स्वयंपाकघर विजेवर चालायचं, तेही १९०९ मध्ये. त्याच केंद्राची वीज गावालाही मिळाली. पाहुण्यांना आगगाडीच्या स्टेशनावरून वर आणायला वाफेवर चालणाऱ्या मोठ्या गाड्या होत्या. खोल्या गरम ठेवायची सोय मात्र केलीच नव्हती. हॉटेल फक्त उन्हाळ्याचं. बर्फात तिथे कुणी राहावं असं बांधणाऱ्याच्या मनातच नव्हतं, आणि 'द शायनिंग'मुळे आज जग ते हॉटेल बर्फात अडकलेलंच डोळ्यांसमोर आणतं.

तात्या_इचलकरंजी

स्फोटाचं मी सांगतो. बत्तीस वर्षं गॅस वेल्डिंगचं दुकान होतं माझं, ॲसिटिलीन म्हणजे रोजचीच भाकरी.

कार्बाइडचे खडे घ्यायचे, त्यावर पाणी पडलं की हा गॅस सुटतो. जुन्या लोकांना आठवत असेल, यात्रेत खेळण्याच्या दुकानांवर, तमाशाच्या फडात कार्बाइडचे दिवे असायचे. आंब्यात घालतात तो कार्बाइड हाच. उजेड पांढरा, लख्ख. पण गॅस वाईट. घरातला सिलिंडरचा गॅस हवेत साधारण दोन ते साडेनऊ टक्के असला तरच भडकतो. त्याच्यापेक्षा जास्त झाला तर पेट घेत नाही. ॲसिटिलीनचं तसं नाही. अडीच टक्क्यांपासून ऐंशीच्या पुढं कितीही असू दे, स्फोट होतो. म्हणजे बंद खोलीत तो थोडा असला तरी धोका आणि भरपूर असला तरी धोका. मेणबत्ती लांबच राहिली, एक ठिणगी पुरते.

कार्बाइडच्या गॅसला लसणासारखा वास येतो. तिला आला असेल का, हे मला सारखं वाटत राहिलं. पण अंधार झालाय, पाहुणे खोळंबलेत, वरून हुकूम आलाय दिवे लावा म्हणून. अशा वेळी वासाकडं कोण बघतंय.

माझ्या दुकानात एकदा गॅसच्या टाकीनं उलटा जाळ घेतला. कामाच्या पोराचे दोन्ही हात भाजले. पोरगं बरं झालं, पण परत वेल्डिंगला आलं नाही आणि मीही बोलवायला गेलो नाही. म्हणून तुमच्या आईंचं म्हणणं वाचून थांबलो. त्या बाईचं परत येणं साधं नव्हतं.

निशाचर

मी आणि बायको २०१८ च्या सप्टेंबरात चौथ्या मजल्यावर राहिलो होतो. मला गोष्टी माहीत होत्या, बायकोला मुद्दाम सांगितल्या नव्हत्या. रात्री अडीच-तीनच्या सुमारास तिने मला हलवून उठवलं, "बाहेर कुणाची मुलं पळतायत बघ, एवढ्या रात्री." मी दार उघडलं. लांबलचक पॅसेज, गालिचा, एकही माणूस नाही. दार लावलं आणि पुन्हा पावलं. धावणारी, हलकी, लहान मुलांचीच. नंतर बाहेरून एक किंकाळी आली, सुरुवातीला खोल आणि मग वर चढत जाणारी. सकाळपर्यंत आम्ही दिवा चालू ठेवून बसलो.

मी इंजिनिअर आहे, कारणं मलाही शोधता येतात. पण जे ऐकलं ते ऐकलं. इथे कुणी चेष्टा करणार नाही अशी आशा आहे.

गारवा

निशाचर, चेष्टा कोण करेल. आई तुमचा प्रतिसाद वाचून म्हणाली, "रात्रपाळीला मलाही रिकाम्या कॉटवरून खोकला ऐकू यायचा." त्यापुढे काही बोलली नाही.

रानपाखरू

निशाचर, तुमच्या बायकोने पावलं ऐकली त्याबद्दल मी काही बोलणार नाही. किंकाळीबद्दल मात्र खात्रीने सांगू शकते, कारण याच भागात मी वन्यजीवांचं काम केलं आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा एल्कचा माजाचा काळ. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलाच, पण अंगाने घोड्याएवढा. एस्टेस पार्कमध्ये हे प्राणी गावात राजरोस फिरतात, स्टॅनलेच्या हिरवळीवर तर कळपच उतरतो. माजावर आलेला नर रात्री साद घालतो. आधी घशातून घुमतो, मग एकदम शीळ फुटावी तसा आवाज वर चढतो आणि शेवटी दोन-चार वेळा हुंकारतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बाई ओरडते आहे असंच वाटतं. माझ्याही अंगावर काटा आला होता, आणि मला तर ठाऊक होतं काय आहे ते.

दुसरं उंचीचं. हॉटेल सुमारे ७,५०० फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ २,३०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो. सपाटीवरून थेट आलेल्या माणसाला पहिल्या रात्री गाढ झोप लागत नाही. झोपेत श्वास मध्येच मंदावतो, मग शरीर दचकून जागं होतं. अर्धवट जागेपणी दिसतं-ऐकू येतं ते फार खरं वाटतं. त्यात शंभर वर्षांची लाकडी इमारत. दिवसा ऊन कडक, रात्री पारा झरकन खाली. लाकूड आकसतं आणि आवाज करतं. हिवाळ्यात डोंगरावरून सुटणारा वारा तर खिडक्या हातात धरून हलवल्यासारख्या हलवतो.

गाईड मंडळी अजून एक सांगतात की डोंगरातल्या दगडात कसलीशी शक्ती साठून राहते. तो खडक ग्रॅनाइट आहे, सुमारे १४० कोटी वर्षांपूर्वीचा. मला विचाराल तर तेवढं वय पुरेसं थक्क करणारं आहे.

आणि लॉर्ड डनरेव्हन ४०१ नंबरच्या खोलीत दिसतो म्हणतात ना? हॉटेल बांधायच्या कितीतरी वर्षं आधी तो आयर्लंडला निघून गेला होता. आपण कधी न राहिलेल्या खोलीत त्याने यावं कशाला?

मृण्मयी_ल

साहित्याच्या बाजूचं मी लिहिते.

स्टीफन किंग तेव्हा जवळच बोल्डरला राहत होता. १९७४ च्या ऑक्टोबरअखेरीस तो आणि बायको टॅबिथा एका रात्रीसाठी इथे आले. हॉटेल हंगाम संपवून बंद व्हायच्या बेतात होतं आणि अख्ख्या हॉटेलात पाहुणे हे दोघंच. मोठ्या दालनात बाकी टेबलांवर खुर्च्या उलट्या रचलेल्या आणि ह्यांच्या एका टेबलावर जेवण. रात्री त्याला स्वप्न पडलं: आपला तीन वर्षांचा मुलगा ओरडत पॅसेजमधून पळतो आहे आणि आग विझवायची नळी त्याच्या मागे लागली आहे. घामाघूम होऊन तो उठला, खिडकीशी सिगारेट ओढत बसला, आणि ती संपेपर्यंत कादंबरीचा सांगाडा मनात तयार होता. पुस्तक १९७७ मध्ये आलं.

त्या कादंबरीवरच्या दिग्दर्शक कुब्रिकच्या १९८० च्या चित्रपटात मात्र हे हॉटेल नाहीच! बाहेरून दिसतं ते ऑरेगनमधलं टिंबरलाइन लॉज आणि आतलं सगळं इंग्लंडमधल्या स्टुडिओत उभारलेलं. टिंबरलाइनवाल्यांना भीती वाटली की पुढे आपल्या २१७ मध्ये कुणी राहायला येणार नाही, म्हणून कादंबरीतली खोली २१७ पडद्यावर २३७ झाली. स्टॅनलेत उलट घडलं, २१७ साठी लोक महिनोन्‌महिने थांबतात. त्याच कादंबरीवरची १९९७ ची टीव्ही मालिका तेवढी खऱ्या स्टॅनलेत चित्रित झाली. चित्रपटातलं झुडपांचं चक्रव्यूह शोधत पाहुणे यायचे, म्हणून हॉटेलने अखेर २०१५ मध्ये अंगणात तसं लावूनच टाकलं.

मला वाटतं ते स्पष्ट लिहिते, गारवा. सत्तरच्या दशकात ही इमारत पडझडीला आली होती. भुतांच्या कीर्तीने माणसं आली, पैसा आला, छपरं दुरुस्त झाली. त्या काळातली अशी कितीतरी लाकडी हॉटेलं जळून किंवा पाडून नाहीशी झाली. हे उभं आहे. त्यामुळे भुतांवर फार रागावू नये.

आणि एक गोष्ट, जी तुझ्या आईंना सांगावी की नाही कळत नाही. १९११ च्या स्फोटाच्या बातम्या निरनिराळ्या वर्तमानपत्रांत छापून आल्या, पण त्या बाईचं नाव सगळीकडे एकच नाही. कुणी काही छापलं, कुणी काही. एलिझाबेथ विल्सन हे हॉटेलने धरून ठेवलेलं नाव.

गारवा

मृण्मयी, आईला सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, "आमच्या वॉर्डात ड्यूटीच्या तक्त्यावर सिस्टरांची नावं असायची. आयांच्या रकान्यात नुसतं 'आया' लिहिलेलं. कोण आली, कोण नाही, ते आम्हाला तोंडानेच माहीत."

तुझं इमारतीबद्दलचं म्हणणं मला पटतं. भुतांच्या गोष्टींनी छप्पर राखलं, खरंच राखलं. मला खुपतं ते वेगळं आहे. फ्लोराचं भूत पियानो वाजवतं, लॉर्डसाहेबांचं भूत रुबाबात उभं राहतं, आणि या बाईचं भूत मेल्यावरही खोल्याच आवरतं. तिला तरी आता सुट्टी द्यायची.

भुईकमळ

हे वाचून आजीची आठवण आली. आजीला १९४५ च्या सुमारास क्षय झाला तेव्हा तिला मिरजेजवळ वानलेसवाडीच्या आरोग्यधामात ठेवलं होतं. ती सांगायची, कॉट व्हरांड्यात, उशाला उघडी हवा, दोन वेळ दूध आणि अंडी, आणि बोलायचंसुद्धा कमी. घरी परत आली तेव्हा तिची भांडी वेगळी ठेवली होती. स्टॅनलेने बरं झाल्यावर नाचगाण्याचं दालन बांधलं, मैफली भरवल्या, असं कुठेतरी वाचलं होतं, त्यावरून वाटलं, ज्याला माणसांपासून लांब ठेवलं होतं त्यालाच माणसांच्या गर्दीची एवढी ओढ लागत असेल.

आगीनगाडी

भुईकमळ, अगदी. स्टॅनले स्वतः व्हायोलिनं बनवायचा. हौस म्हणून नाही, चांगली वाजणारी, विकली जाणारी व्हायोलिनं. नाचगाण्याचं दालन त्याच्या जिवाभावाचं होतं.

आणखी एक राहिलं. फॉल रिव्हरवरचं ते विद्युतकेंद्र १९८२ पर्यंत उभं होतं. त्या वर्षी १५ जुलैच्या सकाळी वर डोंगरातलं लॉन लेकचं मातीचं धरण फुटलं. लोंढ्यात तीन माणसं गेली, केंद्रही निकामी झालं. आता तिथे छोटं संग्रहालय आहे. हॉटेल बघायला जाणाऱ्या शंभरांतला एकही तिकडे फिरकत नसेल. जमलं तर जा.

वाटसरू_नाशिक

भीतीचं चाललंय म्हणून लिहितो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मी एस्टेस पार्कला भाड्याच्या घरात राहून ऑफिसचं काम करत होतो. कोरोनामुळे कुठूनही केलेलं चालत होतं. २२ तारखेला डोंगरापलीकडची ईस्ट ट्रबलसम नावाची जंगलातली आग मधला उंच कणा ओलांडून आमच्या बाजूला आली. तो कणा सगळा खडकांचा, झाडं उगवण्याच्या उंचीच्याही वर. आग तो ओलांडेल असं कुणाला वाटलंही नव्हतं. दुपारी बारा-एकला आभाळ विटेच्या रंगाचं झालं, मग काळं. रस्त्यावरचे दिवे लागले. सगळं गाव रिकामं करायचा हुकूम आला.

खाली उतरणाऱ्या गाड्यांच्या रांगेत मी तासन्‌तास होतो. मागे वळून पाहिलं तर राखेच्या पावसात स्टॅनलेचा पांढरा रंग तेवढा दिसत होता. वाटलं, गेलं हे. लाकडी इमारत, किती वेळ टिकणार. दोन-तीन दिवसांनी बर्फ पडला आणि गाव वाचलं.

तेव्हापासून त्या हॉटेलबद्दल मला वेगळीच माया आहे. भूत दिसलं नाही, पण ते जाताना जवळजवळ पाहिलं.

अवनी

सुंदर धागा. व्यावहारिक शंका: नोव्हेंबरात सासू-सासऱ्यांना आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन जायचा विचार आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. रात्र राहावं का? मुलगी घाबरेल का?

रानपाखरू

अवनी, आदल्या रात्री डेन्व्हरला राहा, म्हणजे अंगाला उंचीची थोडी सवय होईल. पाणी भरपूर, पहिल्या दिवशी जेवण हलकं. सासऱ्यांना रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा. नोव्हेंबरात रस्त्यावर बर्फ असू शकतो, टायर बघून घ्या. ट्रेल रिज रोड तोवर बंद झालेला असतो, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानात फार वर जाता येणार नाही, पण खालच्या कुरणांत एल्क दिसतील. लांबूनच बघा. मुलीला जवळ जाऊन फोटो काढू देऊ नका, शांत दिसला तरी नर अंगावर येतो.

गारवा

अवनी, टूरमध्ये चालणं आणि जिने दोन्ही आहेत. सासूबाईंना पुढच्या मोठ्या व्हरांड्यात बसवा, समोर लाँग्ज पीक हे शिखर दिसतं आणि तेच तिथलं सगळ्यांत सुंदर दृश्य आहे. आईचाही बराच वेळ तिथेच गेला. लेकीला रात्रीची भुतांची टूर नको, दिवसाची चालेल. आणि तिला वाफेच्या गाडीची गोष्ट आधी सांगून ठेवा, दिवाणखान्यात जुनी स्टॅनले गाडी ठेवलेली आहे, ती तिथून हलणार नाही!

पहिल्या पोस्टमध्ये एक लिहायचं राहिलं होतं. राहिलं म्हणजे तेव्हा ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं, तुमचं सगळ्यांचं वाचल्यावर वाटतं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान घेऊन निघालो होतो. आईला ते दार पुन्हा एकदा बघायचं होतं म्हणून दुसऱ्या मजल्यावरून गेलो. २१७ च्या बाहेर सात-आठ जण उभे होते, एक जण दाराला पाठ लावून आणि बाकीचे मोबाइल धरून. तेवढ्यात पॅसेजच्या टोकाकडून खोल्या आवरणारी एक बाई गाडा ढकलत आली. टॉवेल, चादरी, बाटल्या, सगळं रचलेलं. तिला पलीकडे जायचं होतं. ती गाडा धरून थांबली. कुणी पाहिलं नाही. ती तशीच उभी राहिली.

आईने हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि पुढे गेली. डॉक्टरांचा राऊंड यायच्या वेळी वॉर्डातल्या नातेवाइकांना बाजूला करायची ना, तसे दोन्ही हात पसरून तिने त्या सगळ्यांना भिंतीकडे सरकवलं. तोंडाने मराठीतच, "सरका, सरका, वाट द्या त्यांना." आणि सगळे सरकले. गाडा मधून निघून गेला.